भाऊंनी मिशी काढली तेव्हा

गावात नाटक बसतंय हे आम्हाला आधी कळायचं ते फर्निचरवरून. गल्लीतल्या वकिलांचा सोफा हातगाडीवर चढला की समजायचं, पडदा उघडायला आता चार-सहा दिवस उरलेत. टेलिफोन जिनिंगवाल्यांकडून यायचा, भिंतीवरचं घड्याळ हेडमास्तरांकडून, आणि आमच्या घरून जायची ती आरामखुर्ची. यवतमाळातल्या त्या हौशी मंडळाकडे स्वतःचं म्हणावं असं काही नव्हतंच. होता तो एक मखमली पडदा, तोही मधोमध अडकणारा. प्रयोगाला आलेली निम्मी माणसं आपली वस्तू स्टेजवर कशी दिसते ते पाहायला आलेली असत. वकिलीणबाईंनी एकदा भर प्रवेशात पहिल्या रांगेतून सांगितलं होतं, "अहो, सोफ्यावर कप नका ठेवू." नटाने तो मुकाट्याने उचललाही होता.

त्या हॉलच्या जागी आता मोबाईलच्या दुकानांचं कॉम्प्लेक्स उभं आहे. मी तिथे चार्जर घ्यायला जाते आणि दरवेळी मनातल्या मनात अंदाज बांधते, की हा पोरगा बसलाय तिथे बहुतेक आपली विंग होती. सत्तरी ओलांडलेल्या बाईने चार्जर हातात धरून हसत उभं राहू नये, पण मी राहते.

वडिलांना आम्ही भाऊ म्हणायचो. ते एका सरकारी कचेरीत कारकून होते आणि कचेरी सुटल्यावर नट. देवाने त्यांच्या डोक्यावरचे केस तिशीतच काढून घेतले होते आणि त्याची सगळी भरपाई वरच्या ओठावर केली होती. डोकं गुळगुळीत, मिशी झुपकेदार. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा घोटाळा त्या टकलामुळे झाला.

त्या वर्षीच्या नाटकात थोरल्या वहिनीचं काम मोठं होतं. स्त्रीपात्रासाठी मंडळ नागपूरहून एक बाई बोलवायचं. प्रयोग दोन आठवड्यांवर आला आणि त्या बाईंचं पत्र आलं की पाय मोडलाय, येणं जमत नाही. मंडळाची बैठक आमच्याच ओसरीवर बसली होती. मी चहा घेऊन गेले आणि सरळ म्हणाले, "मी करते. मला सगळं पाठ आहे." मी तेव्हा वीस वर्षांची, कॉलेजात शेवटच्या वर्षाला होते. सगळे त्या ट्रेकडे बघायला लागले. जणू मी चहाऐवजी भलतंच काही आणून ठेवलं होतं. परक्या बाईने स्टेजवर यावं, आपल्या घरच्या मुलीने मात्र खुर्चीवर बसून टाळ्या वाजवाव्यात, असा त्यांचा हिशेब होता. दिग्दर्शक शाळामास्तर होते. ते घसा खाकरून म्हणाले, "तू असं कर बेटा, तू प्रॉम्प्टिंग कर." त्या रागाची धग अजून थोडी शिल्लक आहे, खोटं कशाला बोलू? पण त्या विंगेत उभी राहिले म्हणूनच पुढचं सगळं मला जवळून दिसलं, एवढं कबूल करते.

काम भाऊंच्या गळ्यात पडलं. आवाज पातळ, अंगाने किरकोळ, शिवाय टक्कल असल्यामुळे टोप नीट बसतो. अडचण एकच होती. आमच्याकडे बाप जिवंत असताना मुलगा मिशीला वस्तरा लावत नाही. मिशी निघते ती बाप गेल्यावर, डोक्यावरच्या केसांबरोबर, एकदाच. आणि आमचे आबाजी, म्हणजे भाऊंचे वडील, घाटंजीजवळच्या गावी शेतावर ठणठणीत होते.

आई म्हणाली, "मामंजींना कळलं तर?"

भाऊ म्हणाले, "कळायला तिकडे जातोय कोण? महिन्याभरात येते परत."

मास्तरांनी मिशी आठ दिवस आधीच काढायला लावली. त्याचं कारण असं की मिशीखालची कातडी पांढरीफटक निघाली. बाकीचा चेहरा वऱ्हाडी उन्हात भाजलेला आणि मध्येच ओठावर चुन्याचा पट्टा. तो रंग एक व्हावा म्हणून भाऊ रोज कचेरीच्या आधी अंगणात तोंड वर करून उन्हात बसायचे. त्याच वेळी मी त्यांना निऱ्या घालायला आणि पायरी उतरताना पदर सावरायला शिकवत असे. भाऊ चांगले विद्यार्थी होते. एकच लकब अशी होती जी मी शिकवली नव्हती. काही महत्त्वाचं बोलायचं असलं की ते पदराचं टोक डाव्या मुठीत घट्ट धरायचे आणि मगच तोंड उघडायचे. मी म्हटलं, "हे काय मध्येच?" ते म्हणाले, "असू दे. येतं आपोआप."

आणि एक दिवस कचेरीतून येताना भाऊ एसटी स्टँडसमोरून निघाले. घाटंजीची गाडी सुटत होती. खिडकीत आबाजींच्या शेजारच्या गावचे एक पाहुणे बसले होते. त्यांना भाऊ दिसले. टक्कल, मिशी नाही, मान खाली. भाऊ चालता चालता संवाद पाठ करत होते, पण ते त्यांना काय ठाऊक? विचारायला सवडच नव्हती, गाडी हलली. दुसऱ्या दिवशी घाटंजीचा बाजार होता. दुपारपर्यंत आसपासच्या सगळ्या गावांत बातमी पोचली की आमचे आबाजी गेले.

त्यानंतरचे दोन दिवस आबाजींनी स्वतःच्या मयतीचे पाहुणे घेतले. ते ओट्यावर बाजेवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होते आणि बाया वेशीपासूनच गळा काढत येत होत्या. मयताच्या घरी चूल पेटत नाही म्हणून कुणी पिठलं-भाकर बांधून आणली होती. आबाजींनी ती खाल्ली. पण मुलाने मिशी काढल्यावरून ही बातमी उठली हे आलेल्यांकडून कळलं तेव्हा त्यांचा घास अडकला. त्यांनी निरोप पाठवला, "त्यानं मले जित्तेपनीच मारलं. आता मेलेला मानूस बोलत नसते. मायाकून त्याले एक शबुद आयकाले येनार नाई."

भाऊ एकुलते एक. आजी जाऊन बरीच वर्षं झालेली. बापलेकांत एवढाच धागा होता, की दर महिन्याला भाऊ गावी जायचे आणि दोघं ओट्यावर बसून कपाशीबद्दल बोलायचे. निरोप ऐकून भाऊंचं तोंड एवढंसं झालं. प्रयोगाला तीन दिवस उरले असताना ते मला घेऊन गावी गेले.

आबाजींनी मला जवळ बसवलं आणि भाऊंकडे पाठ केली.

"तुया बापाले सांग, चहा ठेवला हाय."

भाऊ त्याच बाजेच्या दुसऱ्या टोकाला बसलेले. "बाबा, चुकलं माझं. नाटकापुरतंच होतं."

"त्याले सांग, नाटक कराले मी नाई म्हटलं नोतं. मले इचाराले काय झालतं? एक कारड टाकता नोतं येत?"

मी एकाचं दुसऱ्याला सांगत राहिले. दोघं एकाच बाजेवर! शेवटी भाऊ उठून आडावर तोंड धुवायला गेले. किती वेळ तोंड धुतलं ते मला ठाऊक आहे.

ओट्यावर आणखी एक म्हातारे बसले होते. शिवेपलीकडच्या शेताचे मालक. त्यांच्या आणि आबाजींच्या शेताचा धुरा, म्हणजे बांध, एक, आणि त्या धुऱ्यावरून दोघांचं कित्येक वर्षं बोलणं बंद होतं. मी त्यांना या ओट्यावर पहिल्यांदाच पाहत होते. त्यांनीच मला सांगितलं, "पोरी, मी बैलबंडी जुपून रडत रडत आलतो. म्हटलं, मायासंग न बोलताच गेला हा बुढा. अन् पाह्यतो तं हा शेंगा सोलून राह्यला."

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय? म्हने, बस. भाकर खा. कोनाची तरी मयत हाय."

आबाजी हसले नाहीत, पण मिशीखाली काहीतरी हललं. मी ती संधी साधली. "आबाजी, रविवारी दुपारी प्रयोग आहे. तुम्ही दोघंही या." ते नुसते शेंगा सोलत राहिले.

रविवारी दुपारचा प्रयोग खास घरच्या माणसांचा असायचा. बायका शेंगदाणे घेऊन, पोरं कडेवर घेऊन यायच्या. बाहेर आलुबोंडे तळले जात, त्याचा वास थेट तिसऱ्या रांगेपर्यंत. वकिलांचा सोफा, जिनिंगवाल्यांचा टेलिफोन, आमची आरामखुर्ची, सगळं आपापल्या जागी. पडदा नेहमीप्रमाणे मधोमध अडकला आणि नेहमीप्रमाणे कुणीतरी काठीने ढकलला. मी वही घेऊन विंगेत उभी राहिले.

पहिला अंक छान गेला. भाऊ बाई म्हणून इतके शोभत होते की मलाच चार वेळा विसर पडला. दुसऱ्या अंकात धाकटा दीर घर सोडून निघालेला असतो आणि वहिनी त्याला अडवते. नाटकाचा सगळा जीव त्या संवादात. भाऊ पुढे आले, पदराचं टोक डाव्या मुठीत धरलं, तोंड उघडलं, आणि थांबले.

मी ओळ सांगितली. त्यांनी ऐकली नाही. पुन्हा सांगितली, आवाज चढवून. तरी नाही. ते समोर पाहत होते. मी विंगेतून मान काढली. पहिल्या रांगेत, वकिलीणबाईंच्या शेजारी, दोन पटके बसले होते. आबाजी आणि धुऱ्यापलीकडचे ते म्हातारे.

 हॉल शांत झाला. कडेवरची पोरंसुद्धा गप्प. भाऊंच्या गालावरचा रंग घामाने ओघळत होता आणि ते एका शब्दासाठी उभे होते. तो शब्द माझ्या वहीत नव्हता.

मग खालून आवाज आला, चांगला मोठा, शेतात हाक मारतात तसा.

"बोल ना रे! काहून थांबला? इतक्या दुरून आयकालेच आलो ना मी!"

अख्खा हॉल हसला. आणि भाऊ बोलले. काय बोलले! त्या दिवशी दीर जो थांबला तो नाटकातल्यासारखा वाटलाच नाही. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मी वही मिटून विंगेत रडत होते आणि पुढच्या पानावर कुठे आहोत त्याचा मला पत्ता नव्हता. बाकीच्या नटांनी तो अंक माझ्याविना पार पाडला, याबद्दल मी त्यांची आजही आभारी आहे.

प्रयोग संपल्यावर आबाजी रंगपटात आले. भाऊ टोप काढून लुगड्यातच उभे होते. आबाजींनी त्यांना वरून खालपर्यंत पाहिलं.

"पदर मुठीत धराचं कोनं शिकवलं तुले?"

"कुणी नाही, बाबा."

"तुई माय धरे तसा." एवढं बोलून आबाजी आमच्या आरामखुर्चीत बसले आणि त्यांनी आलुबोंडा मागितला.

मिशी महिन्याभरात आली. त्यानंतर भाऊ गावी गेले की आबाजी आधी त्यांचा वरचा ओठ पाहायचे आणि म्हणायचे, "मिशी हाय ना? मंग जित्ता हाओ मी." धुऱ्यापलीकडचे म्हातारे मान डोलवायचे. रोज संध्याकाळी दोघं एकाच ओट्यावर बसत. आपल्यासाठी कोण कोण रडलं ते आबाजींना जिवंतपणी कळलं होतं. त्यांचा स्वभाव नंतर पुष्कळ मऊ झाला. एवढं भाग्य किती जणांना मिळतं? एका अडलेल्या नाटकाने ते आम्हाला दिलं.

नऊ-दहा वर्षांनी आबाजी खरोखर गेले. भाऊ गावी न्हाव्यासमोर बसले तेव्हा धुऱ्यापलीकडचे म्हातारे शेजारी उभे होते. वस्तरा ओठाला लागला आणि म्हातारे तिथल्या तिथे मोठ्याने रडले. भाऊ रडले नाहीत. तेरा दिवस नाही. आईला आणि मला त्याचीच काळजी होती.

चौदाव्या दिवशी यवतमाळला परतलो. मी माहेरीच होते. भाऊ संध्याकाळी कोपऱ्यावर पान घ्यायला निघाले, मी सोबत गेले. पानवाला आमच्या नाटकांचा जुना प्रेक्षक. त्याने भाऊंकडे पाहिलं, टक्कल पाहिलं, ओठ पाहिला आणि त्याचा चेहरा खुलला. कात लावता लावता तो म्हणाला, "वा भाऊसाहेब! यंदा कोनतं नाटक?"

भाऊंनी वरच्या ओठावरून बोट फिरवलं. तिथली कातडी पुन्हा पांढरीफटक होती.

"या खेपेला नाटक नाही रे," ते म्हणाले. "या खेपेला बाबा बोलणार नाहीत."

आणि तिथे, पानाच्या ठेल्यासमोर, भर रस्त्यात भाऊ रडले. पानवाला काताचे हात तसेच घेऊन खाली उतरला आणि त्यांना धरून उभा राहिला. सदऱ्यावरचे ते डाग आईने कितीदा धुतले, पण पुरते गेले नाहीत. भाऊ तो सदरा शेवटपर्यंत वापरत होते.