धुतलेले वीस रुमाल

शुभा आज पहाटे गेली. आणि मी तिच्याशी आयुष्यभर एक खोटं बोलले.

तुम्ही तिला मोठी प्रोफेसर म्हणून ओळखता. पर्यावरणाचं अर्थशास्त्र, क्लायमेट पॉलिसी, परदेशातली लेक्चर्स. मी ओळखते ती मुलुंडची शुभा. बस चुकली तरी मला "गाढवे!" म्हणणारी.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही दोघी नुकत्याच एमए झालेल्या. मला बँकेची नोकरी लागायची होती, म्हणून मी रिकामटेकडी. हिने पीएचडीला विषय घेतला होता, धुरामुळे माणसांचं काय जातं.

गाईड म्हणाले, "हवेचं कसलं आलंय अर्थशास्त्र? महिन्याभरात काहीतरी ठोस दाखवा, नाहीतर विषय बदला."

मग तिने डोकं लढवलं. मांजरपाटाचे चाळीस पांढरे रुमाल. तिच्या आईने कडा शिवून दिल्या. वीस घरं रिफायनरीशेजारच्या माहुलगावात, वीस कांदिवलीला मावशीच्या कॉलनीत. महिनाभर बाहेर दोरीवर टांगायचे, मग किती काळे झाले ते बघायचं.

कांदिवली तिने घेतली. माहुल माझ्याकडे.

घरोघरी काय सांगायचं त्याची चिठ्ठीही लिहून दिली. मला काय कळत नाही का, म्हणून मी ती न वाचताच पर्समध्ये टाकली.

माहुलला पहिल्याच घरी एका कोळीणकाकूंनी बसवून घेतलं. ताजा बांगडा तळला. पुढची एकोणीस घरं त्यांनीच फिरवली. मी नुसती रुमाल वाटत आणि हसत होते.

महिन्याने दोघी मिळून गोळा करायला गेलो.

वीसच्या वीस रुमाल धुतलेले. नीळ घातलेले. इस्त्री करून घडी घातलेले!

काकू म्हणाल्या, "लोकांची वस्तू काळी करून परत देतात का गो?"

शुभा तिथेच ओट्यावर मटकन बसली.

"तू सांगितलं होतंस ना, धुवू नका म्हणून?"

"हो गं! तीन तीनदा सांगितलं."

सांगितलं नव्हतं. एकदाही नाही. पण तिचा चेहरा बघून माझी जीभच रेटेना.

ती रडायला लागली. हमसून हमसून. महिना संपला होता, विषय हातचा जाणार होता.

काकू घाबरल्या. "अगो बाय, रडतेस कशाला? वाईट धुतला काय? एकदा धुऊन निघंना. दोनदा घासला, तेव्हा उजळला. हात भरून आले माझे! माझी लेक कांदिवलीला दिलीय, तिथं एकदा बुचकळला की झालं."

शुभाने नाक पुसलं. इस्त्रीच्याच रुमालाला.

"दोनदा? आणि रोजचे कपडे?"

"तेही दोनदाच. इथं सगळ्या बायका तशाच धुतात."

तिने वही काढली. संध्याकाळपर्यंत आम्ही परत वीस घरं फिरलो. आता रुमाल नव्हते, प्रश्न होता. किती वेळा घासता? खांदा दुखतो का? त्या वेळात एरवी काय केलं असतं?

गाईडनी सगळं दोनदा वाचलं. मग म्हणाले, "पुढे लिहा."

मी बँकेत चिकटले. ती कुठल्या कुठे गेली. पण प्रत्येक बॅचला पहिल्या दिवशी ती हीच गोष्ट सांगायची. "माझ्या मैत्रिणीने तीन तीनदा बजावलं होतं, तरी त्या बायकांना राहवलं नाही!"

पोरं टाळ्या वाजवायची. मागच्या बाकावर पाहुणी म्हणून बसलेली मी खाली बघायचे.

तिच्या थिसिसमध्ये आभार आहेत. "माझ्या मैत्रिणीचे, जी सांगितलेलं काहीच विसरत नाही."

किती वेळा ठरवलं, सांगून टाकू. फोन लावायचे आणि भलतंच बोलायचे. भाजी काय केलीस, गुडघे कसे आहेत.

मागच्या महिन्यात हॉस्पिटलमध्ये गेले ते ठरवूनच. ती जुनी चिठ्ठी पर्समध्ये होती. तर ही नर्सला सांगत होती, "हीच ती! तीन तीनदा सांगितलं होतं बिचारीने!" हसता हसता तिला ठसका लागला. किती दिवसांनी हसली, नर्स म्हणाली.

मी पर्स बंद केली. वाटलं, पुढच्या वेळी.

खालच्या फोटोत ती चिठ्ठी आहे. तिचंच अक्षर. "रुमाल धुवू नका", खाली दोन रेघा.

शुभा, मी नव्हतं गं सांगितलं. बांगडा खात बसले होते.

सकाळपासून फोन हातात घेऊन बसलेय. तुझी इतकी आठवण येतेय की काय करू कळत नाही.

आता तुला सगळं कळलंय. एकदाच "गाढवे" म्हण आणि मग जा.