शनिवारी आलेल्या तारा

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचतो आणि, खरं सांगायचं तर, बायकोला वाचून दाखवून हसतो. पांढरी साडी, उलटे पाय, माळावर हलणारा दिवा... माझी उभी नोकरी वीज खात्यात मीटर तपासण्यात गेली. लोक छातीवर हात ठेवून सांगायचे, "साहेब, घरात एकच बल्ब आहे," आणि मी मुकाट्याने मीटरची चकती बघायचो. ती सांगेल ते खरं, बाकी सगळ्या गप्पा. स्वभाव अजून तोच आहे. त्यामुळे पुढे लिहितोय ते माझं मलाच पटत नाही. पण ते भर दुपारी, आणखी दोन माणसांच्या देखत घडलं. अडचण एवढीच की ते सांगायचं तर आधी माझी एक लबाडी सांगावी लागते. ती मी इतक्या वर्षांत बायकोलाही सांगितलेली नाही.

गोष्ट नागपूरची, ऐंशी-एक्क्याऐंशीच्या सुमाराची. प्रताप नगरात राजाभाऊंच्या घरी, पुढच्या खोलीत आमच्या ऑर्केस्ट्राची तालीम चालायची. राजाभाऊ अकॉर्डियन वाजवायचे, आणि ऑर्केस्ट्रा त्यांचाच. ड्रमवर सलीम. मी गिटारवर, म्हणजे मागे उभं राहून झ्यांग झ्यांग करणारा. आणि बास गिटारवर मोरू.

बास म्हणजे चार जाड तारांची गिटार. ती वाजत असताना लोकांचं लक्ष नसतं. बंद पडली की मात्र गाण्याखालची सतरंजी कोणी ओढून घेतल्यासारखं वाटतं. वाद्य राजाभाऊंच्या मालकीचं होतं, पण राहायचं मोरूकडे. तो शहराबाहेर वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनवर बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या, लिहायचा आणि मागच्याच खोलीत भाड्याने राहायचा. अंगठ्याने वाजवायचा. तारा सपाट पट्टी गुंडाळलेल्या, कित्येक वर्षं न बदललेल्या, आणि त्यांच्याखाली ब्रिजजवळ, म्हणजे तारा खालच्या टोकाला टेकतात तिथे, उशीतल्या फोमचा तुकडा खोचलेला. त्यामुळे आवाज गोल यायचा, मऊ, रिकाम्या रांजणात तोंड घालून कोणी हुंकार द्यावा तसा.

पण तेव्हा डिस्कोची हवा आली. लोकांना बास छातीत टोचायला हवा होता. राजाभाऊ एक दिवस वैतागून म्हणाले, "मोरू, तुहा बास झोपून राहिला गा. त्याले उठव."

उठवायचा कसा, ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. गोल तारेच्या गुंडाळीच्या, बोटाला खरखरीत लागणाऱ्या नव्या तारा हव्यात, खालचा फोम काढायला हवा, आणि अंगठ्याऐवजी तार छेडायला बोटात धरायचा प्लास्टिकचा तुकडा, पिक, हवा. पिकच्या बाबतीत मी स्वतःला मोठा शहाणा समजायचो. साबणाची डबी, कंगवा, फुटपट्टी, जे सापडेल ते कापून, घासून मी पिक करायचो. पातळ पिक बासवर नुसता चटचट करतो, तार हलतच नाही. जाड पिकने मारलं की तार अंगातून बोलते. आणि ब्रिजजवळ मारलं तर टण्ण. मोरूकडे मात्र जुन्या चपलेच्या तळाचा एक चामड्याचा तुकडा होता, तोच त्याचा पिक. त्याने वाजवलं काय आणि अंगठ्याने वाजवलं काय, सारखंच.

"पुढच्या रविवारी ऐकतो," राजाभाऊंनी निकाल दिला. "नव्या तारा, पिक. नाही जमलं तर बास दिलीप वाजवन."

दिलीप म्हणजे मी. मला तो बास हवा होता. झ्यांग झ्यांग करून मी कंटाळलो होतो, हे आता लपवण्यात अर्थ नाही.

तशा तारा नागपुरात मिळत नव्हत्या. माझा मावसभाऊ नामदेव मुंबईची ट्रक चालवायचा. मोरू मलाच म्हणाला, "तुह्या भावाले सांगून दे ना गा. मले तर कोनी आनून देनारं नाही." मी चिठ्ठीवर नाव लिहून दिलं. तोवर माझ्या मनात काही पाप नव्हतं, शपथेवर सांगतो.

शनिवारी सकाळी नामदेव घरी आला. पाकीट माझ्या हातात दिलं, आंघोळ केली, चहा घेतला आणि गाडी खाली करायला वाडीला परत गेला. थोड्या वेळाने मीही पाकीट पिशवीत टाकून सायकल काढली. वाडी नाक्यापर्यंत गेलोसुद्धा. तिथे रसवंतीवर थांबलो, उसाचा रस प्यालो. गोडाऊन समोर दिसत होतं. ग्लास ठेवला आणि सायकलचं हँडल घराकडे वळवलं. पाकीट ट्रंकेत, स्वेटरांच्या खाली.

रविवारी सकाळी मोरू माझ्या घरी हजर. पाठीला बास, पण बासला तारा नाहीत! त्या गुंडाळून शर्टाच्या खिशात ठेवलेल्या.

"तारा आल्या का गा?"

"नाही ना. नामदेवची गाडी धुळ्याकडे अडकली म्हने."

त्याने खिशातल्या तारांचं वेटोळं काढून हातात घेतलं. मग म्हणाला, "बरं. मंग जुन्याच उकळून लावतो."

जुन्या तारा पाण्यात उकळल्या की त्यांच्यातला घाम-मळ निघतो आणि आवाज थोडा उघडतो, ही तेव्हाची आमची युक्ती. आईने पातेलं दिलं. वरून डोकावून म्हणाली, "काय गा मोरू, शेवया करून राहिला का?"

"हो ना काकू. दिलीपले वाढा पयले." हसला तो. आणि पलीकडच्या खोलीत ट्रंक. मी त्या तारांचं पाणी उकळताना बघत उभा होतो. अजून वेळ होता.

तालमीत जे व्हायचं ते झालं. सपाट तारा उकळून उघडत नाहीत. शिवाय जुनी तार एकदा काढून पुन्हा चढवली की सूर धरत नाही. दर कडव्याला घसरत होत्या. त्याने माझ्याकडे पिक मागितला. माझ्या डबीत जाड होता, पातळ होता. मी पातळ दिला. पुठ्ठ्यावर नख मारल्यासारखं चटचट वाजत राहिलं. दुसऱ्या गाण्याच्या मध्येच राजाभाऊंनी अकॉर्डियनचा भाता मिटून पट्टा लावला आणि म्हणाले, "राहू दे मोरू."

त्याने बास माझ्या हातात दिला. तारा तेवढ्या मागितल्या. "तू नव्या लावशील ना? मंग ह्या मी नेतो."

आठवड्याभराने मी नव्या तारा 'आल्या' म्हणून दाखवल्या.

आता मूळ गोष्ट. मे महिन्यात रायपूरकडच्या एका मोठ्या गणेश मंडळाने नमुन्याची कॅसेट मागवली. दुपारी दोनला आम्ही रेकॉर्डिंगला बसलो. कूलरची घरघर टेपमध्ये येते म्हणून कूलर बंद. नागपूरचा मे, घामाच्या धारा. मी नव्या तारांवर, फोम काढून, फुटपट्टीच्या जाड पिकने वाजवत होतो. खोलीत टण्ण टण्ण घुमत होतं. राजाभाऊ मान डोलावत होते.

कॅसेट मागे घेऊन लावली... आणि बास गोल. मऊ. फोम खोचलेला, अंगठ्याचा.

सलीम काड्या खाली ठेवून म्हणाला, "अबे, ये तो मोरू का अंगूठा है."

राजाभाऊ म्हणाले, माइक लांब होता. मी माइक बासच्या स्पीकरला टेकवला. पुन्हा तेच. कॅसेट बदलली. तेच. सलीम जाऊन आपल्या मेव्हण्याचा टू-इन-वन घेऊन आला. तेच! ड्रम जसाच्या तसा, अकॉर्डियन जसंच्या तसं, चूक फक्त बासमध्ये. मीटर बिघडलं तर सगळंच चुकीचं दाखवतं हो, एकट्या पंख्याचं तेवढं चुकवत नाही.

आणि आणखी एक. अंतरा संपून मुखडा येतो तिथे टेपवर बास तीन पायऱ्या खाली उतरत होता, क्षणभर थांबत होता, आणि वरून घसरत येऊन मुखड्याला टेकत होता. फार सुंदर जागा.

"ये टुकडा कब बजाया बे तूने?" सलीमने विचारलं.

मी वाजवलाच नव्हता. मोरूकडूनही तो आम्ही कोणी कधी ऐकला नव्हता. चार वेळा रेकॉर्डिंग केलं, चारही वेळा तो तुकडा तिथेच. मी बास भिंतीला टेकवून ठेवला. राजाभाऊंनी कपाळाचा घाम पुसला. "आवाज चांगला येऊन राहिला ना? मंग पाठवा. काहून डोकं लावता?"

कॅसेट गेली आणि आम्ही निवडले गेलो. मंडळवाल्यांनी पत्रात बासचं खास कौतुक केलं होतं.

ते पत्र वाचल्यावर मला जेवण जाईना. तिसऱ्या दिवशी कॅसेटची दुसरी प्रत खिशात घालून, दुपारीच, मी वाडी गाठली. या वेळी रसवंतीवर थांबलो नाही. मोरूच्या खोलीची कडी तुटली होती आणि दार एका तारेने बांधलेलं होतं. बासची सर्वांत जाड तार, मी ओळखली. तो गोडाऊनच्या सावलीत बिल्ट्यांच्या गठ्ठ्यावर बसला होता. मला बघून उठला, "ये गा" म्हणाला, पाणी दिलं.

एक ट्रक भरत होती, तिच्या केबिनमध्ये टेप होता. ड्रायव्हरला विचारून आम्ही आत बसलो आणि मी कॅसेट लावली. मोरूचा उजवा अंगठा मांडीवर हलायला लागला. अंतरा संपला, बास खाली उतरला, थांबला, आणि वरून घसरत येऊन टेकला. मोरूचा अंगठा जागच्या जागी राहिला.

"हे तुले कोनं सांगतलं?"

"कोनीच नाही. मी वाजवलंच नाही गा ते."

त्याने कॅसेट मागे घेऊन पुन्हा ऐकली. मग समोरच्या काचेकडे बघत बोलायला लागला. आवाज चढवून नाही, बिल्टीतला माल वाचून दाखवावा तसा.

"त्या शनिवारी नामदेव इथंच भेटला मले. म्हने, तुह्या तारा दिलीपजवळ देल्या, तो घेऊन येऊनच राहिला आसन. म्हनून मी जुन्या काढून ठेवल्या. बास मांडीवर घेऊन बसलो, तू आला की लगेच चढवाच्या. दुपार झाली, पाच वाजले. बसल्या बसल्या काय कराव? नुसत्या लाकडावर बोटं फिरवत होतो. तवा सुचलं हे. दिवसभर हेच वाजवलं, बिनतारेच्या बासवर. ऐकाले कोनी नव्हतं. आवाजच नव्हता, तं ऐकन कोन?"

म्हणजे रविवारी सकाळी माझ्या दारात "तारा आल्या का गा?" विचारलं, तेव्हा त्याला माहीत होतं. त्याने मला संधी दिली होती. मी त्याला धुळ्याची गाडी दिली, आईच्या पातेल्यात उकळतं पाणी दिलं आणि डबीतला पातळ पिक दिला.

"मोरू," मी म्हणालो, "माह्यानं चुकलं." एवढंच आलं तोंडातून. डोळे भरून आले आणि मी बाहेर भरत्या मालाकडे बघत बसलो.

"माहीत हाय मले," तो म्हणाला.

राजाभाऊंना मी सगळं सांगतो, तू परत ये, असं मी तीन-तीनदा म्हणालो. सांगितलंही त्यांना त्याच संध्याकाळी, सलीमच्या समोर. सलीम त्यानंतर माझ्याशी कामापुरतंच बोलला. पण मोरू आला नाही. "आता मन नाही होत गा," एवढंच म्हणाला. ट्रकमधून उतरताना मात्र त्याने विचारलं, "हे कॅसेट ठेवू का मी?"

मी दिली.

गणपतीत रायपूरला मी वाजवलं. स्टेजवर बास सरळ टण्ण टण्ण वाजला, नव्या तारा आणि जाड पिकने वाजायला हवा तसाच. तो कार्यक्रम करून मी ऑर्केस्ट्रा सोडला आणि पुन्हा गिटारला हात लावला नाही. मोरूने दोनेक वर्षांत वाडी सोडली; कुठे गेला, ते गोडाऊनवर कोणाला सांगता आलं नाही.

पुरावा विचाराल तर माझ्याकडे नाही. कॅसेट ज्याची होती त्याच्याकडे आहे. बिनतारेच्या वाद्यावर, बंद खोलीत, कोणी न ऐकलेली जागा दोन महिन्यांनी माझ्या हातून टेपवर कशी उतरली, यावर मी मीटरवाल्याच्या डोक्याने खूप विचार केला. माइक, टेपचं हेड, उष्णता, जुनी कॅसेट... काहीच बसत नाही. कोणाला स्पष्टीकरण सुचलं तर जरूर कळवा.

नाक्यावरून मी सायकल का वळवली, तेवढं मात्र विचारू नका. ते मला माहीत आहे.