दोघांचे रिपोर्ट

माझे थोरले भाऊ, दादा, आणि शेजारच्या खाटेवरचे साळुंखेमामा एकाच डब्यातली पेज चमच्याचमच्याने घेत होते. दोघांनाही पोटाचा कॅन्सर, ऑपरेशनही एकाच आठवड्यातलं. "आपण बरोबरच घरी जाऊ," मामा म्हणत.

त्या दुपारी गाठींचे रिपोर्ट आले. दादांचा रिपोर्ट डॉक्टरांनी मला समजावून सांगितला. गाठीतल्या पेशी अजून एकमेकींना धरून होत्या. त्या सुट्ट्या विखुरलेल्या असत्या, तर आशा बरीच कमी झाली असती. माझा जीव भांड्यात पडला. वॉर्डात परतले, तर मामींनी त्यांचा कागद पुढे केला. "ताई, इंग्रजीत आहे. बघता का?"

मामांच्या पेशी विखुरलेल्या होत्या.

आजाराचं नाव एकच, पण आत केवढं अंतर! आणि ते माणसाच्या पथ्यावर, चांगुलपणावर, कशावरच ठरत नाही. मघाच्या आनंदाची मला लाज वाटली.

"डॉक्टर नीट सांगतील," मी म्हटलं.

मामी माझ्याकडे बघत राहिल्या. "दादांचं चांगलं आलं ना?"

मी मान हलवली. त्यांनी कागदाची घडी घातली. "मग यांना आज तेवढंच सांगा. फार खूश होतील."