डक्टताई

डक्टताई कुणाच्याही घरी आल्या की आधी बेल वाजवत नसत. गाडी लावायची, घराला एक चक्कर मारायची, मान वर करून छपरावरचं धुराडं बघायचं आणि मगच दाराशी यायचं. आमच्या शेजारच्या आजोबांनी एकदा त्यांना चोर समजून हटकलं. ताईंनी त्यांनाच "तुमच्या धुराड्याची टोपी वाकलीय, मेट," असं इथल्या लोकांसारखं दोस्तीत सुनावलं आणि शिडी काढून ती सरळ करून दिली.

मूळच्या सांगलीच्या. इथे परदेशात येऊन युनिव्हर्सिटीत आयटी शिकल्या, दोन वर्षं ऑफिसात काढली आणि एक दिवस ते सोडून गॅस प्लंबिंगच्या शिक्षणाला लागल्या. हीटरची गरम हवा खोल्यांत नेणाऱ्या नळ्या, म्हणजे डक्ट, बसवू लागल्या आणि नाव पडलं डक्टताई. "दिवसभर काम करून हात काळे होत नाहीत, मग जेवण गोड कसं लागणार?" असं त्या म्हणायच्या. इथल्या गुंगालिन उपनगरातल्या आम्हा आयटीवाल्यांच्या घोळक्यात त्या एकट्याच अशा, की ज्यांच्याशिवाय कुणाचा हिवाळा निभत नसे.

आम्ही जुनं घर घेतलं त्या पहिल्या हिवाळ्यातली गोष्ट. गॅसचा हीटर चालू असूनही खोल्या तापत नव्हत्या, म्हणून ताईंना फोन केला. त्या आल्या. माझी बायको मीरा डोकं धरून बसली होती आणि आठ महिन्यांची इरा नुसती पेंगत होती.

"हिला बरं नाही का?" ताईंनी मीराकडे बघत विचारलं.

"फ्लू आहे, ताई," मी म्हणालो. "घरात सगळ्यांनाच."

"बाहेर गेलात की बरं वाटतं?"

मीराने मान वर केली. "हो. दुकानात गेले की डोकं दुखायचं थांबतं."

ताईंनी पेटीतून हवा तपासायचं छोटं मीटर काढलं, आकडा पाहिला आणि त्यांचा आवाजच बदलला. "पोरीला घे. अंगणात चल. आत्ता."

गॅस बंद करून, दारं-खिडक्या सताड उघडून, आम्हाला थेट डॉक्टरकडे धाडलं. दोष धुराड्याच्या पाइपात होता. माळ्यावरचा त्याचा सांधा सुटला होता. त्यात हीटरच्या कपाटाला बाहेरची हवा देणारी जाळी मी स्वतः टॉवेल कोंबून बंद केली होती, थंडी येते म्हणून. ज्वाळेला हवा मिळत नव्हती आणि विषारी वायू घरातच फिरत होता.

मला तोंड वर करवेना. ताई टॉवेल झटकत म्हणाल्या, "चांगला टॉवेल आहे, वाया घालवलास." एवढंच. पाइप बदलेपर्यंत तीन दिवस आम्ही त्यांच्याच घरी होतो. इरा तिथेच पहिल्यांदा रांगली.

पाच वर्षांनी ताईंनीच आमचा गॅस हीटर काढायला लावला. "आता विजेवरचा लाव."

"मग तुमच्या धंद्याचं काय?"

"शिकेन की तेही!" त्यांच्या नवऱ्याची बदली ॲडलेडला झाली होती. पन्नाशीत पुन्हा वर्गात बसायच्या कल्पनेने त्या नव्या दप्तराच्या खुशीत होत्या.

निघायच्या दिवशी आम्ही भेटायला गेलो. इरा म्हणाली, "मावशी, मम सेज यू सेव्ह्ड अस."

ताई लाजल्या. "छे गं! बाबाने वेळेवर फोन केला म्हणून. बाबा हुशार आहे तुझा."

इराने माझ्याकडे मोठ्या कौतुकाने पाहिलं. ताईंनी मला डोळा मिचकावला आणि गाडी सुरू केली.