नमस्काराला दोन हात लागतात

कोलोनच्या स्टेशनातून बाहेर पडलं की समोर कॅथेड्रल उभं असतं. थोडंसं चालून, वळून दिसतं अशातला प्रकार नाही. दारातून पाऊल टाकलं की ते अंगावरच येतं. त्यामुळे परगावचा माणूस दाराबाहेर थबकतो, मान मागे टाकतो, तोंड उघडतो आणि सामान खाली ठेवतो. जगातल्या इतर शहरांत चोरांना गिऱ्हाईक शोधावं लागतं. कोलोनमध्ये ती सोय सहाशे वर्षं खपून देवळानंच करून ठेवली आहे.

हे निरीक्षण वसुधाबाई निजसुरे यांचं. सहा वर्षांत त्या या चौकातून कितीतरी वेळा गेल्या असतील, पण कॅथेड्रल त्यांनी पाहिलं नव्हतं. त्यांची नजर माणसांच्या हातांच्या वर कधी गेलीच नाही. कोणी विचारलं तर म्हणायच्या, "असेल चांगलंच. एवढे लोक बॅगा सोडून बघतात म्हणजे."

त्यांचे यजमान भास्करराव विद्यापीठात रसायनशास्त्रात संशोधन करत. त्यांच्यामागोमाग वसुधाबाई १९५७च्या नोव्हेंबरात आल्या, त्या नुसत्या बायको म्हणून नव्हे. त्या पुण्याच्या बी.एस्सी., बी.टी., आणि शिक्षणशास्त्र शिकवणाऱ्या कोलोनच्या एका संस्थेत त्यांची जागा ठरलेली होती. मुंबईहून जिनोव्हापर्यंत बोट, पुढे रेल्वे. सतरा दिवसांनी त्या स्टेशनच्या दाराबाहेर उभ्या राहिल्या. भास्करराव पोर्टर शोधायला गेले होते. तेवढ्यात तपकिरी हॅटवाला एक जर्मन गृहस्थ समोर आला, कमरेत वाकला, हात जोडले आणि म्हणाला, "नमस्ते, बाई."

सतरा दिवसांत त्यांना 'मॅडम' म्हटलं होतं, 'सिन्योरा' म्हटलं होतं, 'फ्राऊ' म्हटलं होतं. बाई कोणी म्हटलं नव्हतं. वसुधाबाईंनी दोन्ही हातांतलं सामान खाली ठेवलं आणि मनापासून नमस्कार केला. वर पाहिलं तर गृहस्थ नव्हता. खाली पाहिलं तर निळी बॅग नव्हती. बॅगेत पदवीची प्रमाणपत्रं होती, सगळी मूळ.

पोलीस चौकीत अंमलदारानं विचारलं, "त्यानं धमकी दिली?"

"नाही. नमस्कार केला."

"मग तुम्ही काय केलंत?"

"मीही केला."

अंमलदारानं ते तसंच टाइप केलं. चोराने अभिवादन केले. तक्रारदार बाईंनी परत केले. भास्कररावांनी तो कागद जपून ठेवला होता, आणि पाहुण्यांना दाखवायचा मोह त्यांना आवरत नसे.

पुण्याहून दुय्यम प्रती मिळायला चौदा महिने लागले. तोवर संस्थेतली जागा दुसऱ्या कोणाला गेली. वसुधाबाई एका औषधांच्या दुकानात बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला लागल्या. बी.एस्सी. असल्यामुळे चिठ्ठ्या योग्य बाटलीवर चिकटत, असं त्या सांगायच्या. याहून जास्त तक्रार त्यांच्या तोंडून कोणी ऐकलेली नाही.

शनिवारी दुपारी मात्र त्या स्टेशनात, काचेलगतच्या टेबलाशी एक कॉफी घेऊन बसायच्या. भास्कररावांना आधी वाटलं, हिला घरची आठवण येते. मग घरी अहवाल येऊ लागले. पोर्टरची टोपी घातलेला, पण बिल्ला नसलेला एक माणूस. वाटेत सोन्याची अंगठी 'सापडणारी' एक म्हातारी. पाहुण्याच्या कोटावर मोहरीची चटणी सांडून ती पुसता पुसता खिसाही पुसून घेणारे दोघे. दुसऱ्याच्याच खोलीची किल्ली दाखवून आगाऊ भाडं घेणारा एक सभ्य गृहस्थ. आणि अधूनमधून, हिंदुस्थानी चेहरा दिसला की, तपकिरी हॅट. पोलिसाला बोलावून आणेपर्यंत ती गर्दीत विरघळून जायची.

"अहो, तो आपल्याच लोकांना गाठतो," वसुधाबाईंनी सांगितलं. "इतरांचा हात हातात घेऊन काय मिळणार? दुसऱ्या हातात बॅग राहतेच. आपला माणूस दोन्ही हात सोडतो."

"बरं, तू किती जणांना पाहिलंस?"

"तिघांना."

"नमुना लहान आहे," भास्करराव म्हणाले. "तिघांवरून सिद्धांत मांडता येत नाही."

"चौथा लुटला जाऊ दे, मग मांडू या?"

चौथा लुटला जाऊ नये म्हणून त्यांनी पत्रं लिहायला सुरुवात केली. महाराष्ट्रातून कोलोनला, बॉनला, अगदी हॅनोव्हरलासुद्धा कोणी शिकायला येणार असं कळलं की त्याच्या घरी वसुधाबाईंचं निळं हवाई पत्र जायचं. थंडी, लोणची, बूट यांबद्दल त्यात अक्षर नसे. पायजम्याची जाड नाडी आणावी, तिचं एक टोक कागदपत्रांच्या बॅगेला आणि दुसरं कमरेच्या पट्ट्याला बांधावं, नमस्कार शक्यतो टाळावा, टळला नाही तर मानेनं करावा, आणि मी फलाटावर भेटेपर्यंत देऊळ पाहू नये. पहिल्या वर्गात एम.एस्सी. झालेल्या मंडळींना नाडीचा अपमान वाटायचा. पण आया पत्र वाचायच्या आणि नाडी बांधूनच पाठवायच्या. त्या सहा वर्षांत बांधून आलेल्यांपैकी एकाचीही बॅग गेली नाही. भास्करराव आपल्या प्रयोगांबद्दल असं म्हणू शकत नव्हते.

१९६३च्या ऑक्टोबरमध्ये साताऱ्याचा श्रीनाथ टेंबे यायचा होता. सोमवारी विद्यापीठात नावनोंदणीचा शेवटचा दिवस, आणि मूळ प्रमाणपत्रं दाखवल्याशिवाय नोंदणी नाही. आला तो शनिवारी. म्हणजे त्याच्या चामडी बॅगेतल्या चार कागदांवर त्याची शिष्यवृत्ती, व्हिसा आणि वडिलांनी गावभर वाटलेले पेढे, सगळं टिकून होतं.

वसुधाबाई पाच नंबरच्या फलाटावर वेळेआधी उभ्या होत्या. गाडी आली दोन नंबरवर. त्या जिना उतरून, बोगदा ओलांडून, दुसरा जिना चढून गेल्या तोवर फलाट रिकामा. परत उलट्या पावली उतरून दारात आल्या, आणि समोर श्रीनाथ दिसला.

तो ओळखू येण्यासारखाच होता. लोखंडी ट्रंकेवर पांढऱ्या ऑइल पेंटनं ठळक इंग्रजी अक्षरांत नाव, पदवी, सातारा आणि कोलोन, पश्चिम जर्मनी, असं सगळं रंगवलेलं. आपल्याकडे परदेशी जाणाऱ्याची ट्रंक अशी रंगवतातच. हरवली तर सापडावी म्हणून. ट्रंकेशेजारी चामडी बॅग. श्रीनाथची मान मागे, तोंड उघडं. आणि डावीकडून, सहा वर्षांनी थोडी मळलेली, तपकिरी हॅट येत होती. मागून एक बाई बाबागाडी ढकलत होती.

वसुधाबाईंच्या तोंडाशी हाक आली आणि त्यांनी ती गिळली. हाक मारली असती तर श्रीनाथनं वळून पहिल्यांदा त्यांना नमस्कार केला असता. साताऱ्याचं वळण ते. त्या मुकाट्यानं, पण भराभर चालू लागल्या.

हॅटवाल्यानं जाता जाता ट्रंक वाचली. "नमस्ते! सातारा? अरे वा!"

श्रीनाथच्या चेहऱ्यावर दिवाळी आली. "तुम्हाला सातारा माहीत आहे?" म्हणत त्यानं हात जोडले आणि वाकला. बाबागाडी त्याच्यामागून हळूच गेली. चामडी बॅग उचलली जाऊन दुलईखाली झोपली. गाडी चार पावलं पुढे गेली, आणि हात जोडलेल्या, वाकलेल्या अवस्थेतच श्रीनाथ मागे मागे तिच्यामागून जाऊ लागला. आईनं बांधलेली नाडी कोटाखाली होती, आणि तो ती विसरला होता.

वसुधाबाईंनी बाबागाडीच्या चाकावर पाय ठेवला. "किती महिन्यांचं आहे हो बाळ?" त्यांनी जर्मनमध्ये विचारलं.

त्या बाईनं एकदा बाळाच्या नाडीकडे पाहिलं आणि गाडी तिथेच टाकून ती गर्दीत शिरली. हॅटवालाही वळला होता. धरायला हात पुरणार नव्हते, पळायला वय नव्हतं. वसुधाबाई त्याच्यासमोर उभ्या राहिल्या, कमरेत वाकल्या आणि म्हणाल्या, "नमस्कार."

वीस वर्षांची सवय. त्याचे दोन्ही हात आपोआप जोडले गेले.

"भावोजी," वसुधाबाई श्रीनाथला मराठीत म्हणाल्या, "यांचे हात आहेत तसेच धरून ठेवा."

"अहो वहिनी, पण हे साताऱ्याचे..."

"तुमची बॅग घेऊन तिकडेच निघाले होते. धरा!"

श्रीनाथनं धरले. लांबून पाहणाऱ्याला दोन जुने मित्र भेटल्यासारखं वाटलं असतं. धावत आलेला रेल्वेचा पोलीस शिट्टी शोधेपर्यंत थोडा वेळ होता, तेवढ्यात वसुधाबाईंनी आपला प्रश्न विचारला. सहा वर्षं जपलेला. "सत्तावन्न साली एक निळी बॅग होती. तिच्यातले कागद?"

त्यानं त्यांच्याकडे नीट पाहिलं. त्याला आठवलं असावं. "कागद आम्ही ठेवत नाही, बाई," तो जर्मनमध्ये म्हणाला. "ऱ्हाइनमध्ये टाकतो." मग काहीतरी बरं बोलावं म्हणून त्यानं सांगितलं की युद्धाच्या काळात इंग्रजांनी त्याला जर्मन म्हणून हिंदुस्थानात पकडून साताऱ्याच्या तळावर ठेवलं होतं. "चांगली माणसं. माझ्या सामानाला तिथे कोणी हात लावला नाही."

"आणि त्यांच्याकडून तुम्ही एवढा एक नमस्कार शिकून आलात," वसुधाबाई म्हणाल्या.

ऱ्हाइन तिथून पाच मिनिटांवर होती; औषधांच्या दुकानात जाताना त्या रोज तिच्यावरच्या पुलावरून जायच्या.

चौकीत जबाब टाइप झाला. संशयिताला कसं पकडलंत, या प्रश्नाला वसुधाबाईंनी जुनंच उत्तर दिलं: नमस्कार केला. नवा अंमलदार थांबला, पण टाइप केलं.

बाहेर आल्यावर श्रीनाथनं बॅग उघडली, चारही कागद पाहिले, आणि पुन्हा नाडीची गाठ मारली. या वेळी स्वतः, आणि दुहेरी. मग त्यानं ट्रंक पायांत घेतली, बॅग छातीशी धरली आणि वसुधाबाईंच्या हातातली छत्रीसुद्धा काढून घेतली.

"वहिनी, सामान मी बघतो. तुम्ही देऊळ बघा."

"मला काय करायचंय?"

"बघा हो. दोन्ही हात मोकळे आहेत तुमचे."

वसुधाबाईंनी आधी उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, श्रीनाथची गाठ पाहिली. मग मान वर केली. बराच वेळ वरच ठेवली. युद्धातल्या पडझडीची दुरुस्ती चालू होती आणि एका बाजूला टोकाजवळ लाकडी परांच्या बांधलेल्या होत्या.

"काम अजून चालूच आहे वाटतं," त्या म्हणाल्या. आणि पर्स काखेत घट्ट दाबून त्यांनी हात जोडले.