क्यूबच्या आत जे निघतं

आमची वहिनी रुबिकचा क्यूब उघडते तेव्हा मी मान फिरवतो. वरचा थर अर्धा वळवायचा, कडेच्या तुकड्याखाली अंगठा घालायचा आणि हिसका द्यायचा. कुणाचं तरी बोट मोडल्यासारखा आवाज होतो आणि टेबलावर रंगीत तुकड्यांचा ढीग पडतो. एकदा आतली स्प्रिंग उडून माझ्या भुवईला लागली, डोळा थोडक्यात वाचला. वहिनी म्हणाली, "भावजी, तुमचे डोळे तसेही गिऱ्हाइकाकडे नसतातच."

दुकान आम्हा दोघांचं, जेमतेम चार पावलांचं. दाराशी माझं किल्ल्या बनवायचं मशीन आणि किल्ली घट्ट धरायचा लोखंडी व्हाइस, आत खिडकीखाली तिचं टेबल. पुतण्या शिकायला परगावी गेला, त्याचा क्यूब घरी राहिला, तो अडकतो म्हणून तिने उघडला. एवढंच तिचं शिक्षण. आता घड्याळ लावून क्यूब सोडवणारी यच्चयावत पोरं तिच्याकडे येतात. ती तुकडे धुते, स्क्रू सारखे आवळते, निसटलेली चुंबकं चिकटवते, सिलिकॉनच्या तेलाचा थेंब सोडते. आत जे निघतं त्यावरून तिला त्या पोराचं घर कळतं. वेफर्सचा चुरा, मांजराचा केस, नेलपॉलिशचा पोपडा. "मांजराला मांडीवर घेऊन खेळतोस ना?" असं तिने विचारलं की पोरं हबकतात.

तिच्या हाताबद्दल सांगायलाच हवं. लग्न झालं त्या वर्षी आमच्या दादाने तिच्यावर हात उगारला. तिने तो हात दाराच्या फटीत धरला आणि दार लोटलं. मनगट मोडलं. दवाखान्यात तीच घेऊन गेली आणि डॉक्टरांना काय झालं तेही तिनेच सांगितलं. तेव्हापासून दादा गरीब गाय झाला आहे. मी स्वतः तिच्याशी बोलताना दारापासून जरा लांब उभा राहतो.

तर स्पर्धेच्या आदल्या दिवशी एक बाप आला. गळ्यात दोरीला स्टॉपवॉच. मी मनातल्या मनात त्याचं नाव घड्याळबुवा ठेवलं. सोबत त्याची शाळकरी मुलगी, ओठ घट्ट मिटलेले. त्याने क्यूब टेबलावर आपटला.

"अडकतोय. उद्या हिचा वेळ गेला तर दुकान फोडीन."

"फोडा," वहिनी म्हणाली. "पण आधी त्या बाकावर बसा."

तिने हिसका दिला. एका कोपऱ्याच्या पोटात काहीतरी पांढरं रुतून बसलं होतं. तिने ते चिमट्याने काढून तळहातावर घेतलं. प्लॅस्टिकचा टवका असेल असं मला वाटलं. तिने तो उजेडात धरला तेव्हा त्याच्या टोकाला वाळलेलं तपकिरी रक्त दिसलं. तो दाताचा तुकडा होता.

"बाळा, तोंड उघड बघू," वहिनी म्हणाली.

मुलीने बापाकडे पाहिलं. तोंड उघडलं नाही.

"सायकलवरून पडली ती," बाप म्हणाला. कुणी त्याला विचारलं नव्हतं.

सायकलवरून पडलेल्या मुलीचा दात क्यूबच्या पोटात कसा जाईल? तो क्यूब तोंडावर भिरकावला तरच जाईल. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वहिनीने तो तुकडा चुंबकांच्या रिकाम्या डबीत टाकला आणि क्यूब जोडायला घेतला. पण नजर हातातल्या तुकड्यांवर नव्हती, मुलीच्या मिटलेल्या ओठांवर होती.

या कामात एक मेख असते. जोडताना कोपऱ्याचा एक तुकडा जरी वळून बसला, तर जगातला कितीही हुशार खेळाडू आणा, तो क्यूब सुटत नाही. म्हणून वहिनी प्रत्येक क्यूब आधी स्वतः सोडवून बघते आणि मगच देते. त्या दिवशी तिने न बघताच दिला.

"लाव," बाप म्हणाला आणि त्याने घड्याळ चालू केलं. मुलीची बोटं सुटली. बघता बघता सगळे रंग जुळले, फक्त एक कोपरा तिरका राहिला. तिच्या ते लगेच लक्षात आलं. अशा वेळी कुठलंही पोर हसतं आणि कोपरा बोटाने पिळून सरळ करतं. तिनेही अंगठा लावला.

"पिळतेस? फसवतेस मला?" त्याला घड्याळ कळत होतं, क्यूब कळत नव्हता.

"चूक माझी आहे," वहिनी म्हणाली. "कोपरा मी चुकीचा बसवला."

त्याने ऐकलंच नाही. असा हात चालवला की मुलगी स्टुलावरून माझ्या मशीनवर जाऊन आदळली. क्यूब भिंतीवर फुटला.

वहिनी टेबलावरून आली, टेबलाच्या बाजूने नाही. तिच्या हातात स्क्रूड्रायव्हर होता, तो तिने वाटेत टाकला, हे त्याचं नशीब. गळ्यातली दोरी धरून तिने त्याचं तोंड टेबलाच्या कडेवर आदळलं. एकदा, मग पुन्हा. तो दुप्पट दांडगा. त्याने तिचा उजवा पंजा पकडला, माझ्या व्हाइसच्या उघड्या जबड्यात कोंबला आणि दांडा फिरवला. तो आवाज मी ओळखला.

वहिनी ओरडली नाही. "भावजी, शटर ओढा," म्हणाली. "पोरीला घेऊन जाईल तो."

मी शटर ओढलं. मग हातोडी घेतली आणि त्याच्या कोपरावर घातली. त्याचा हात लोंबला तेव्हा मला बरं वाटलं, हे मी कोर्टातही सांगितलं. तो खाली बसून रडायला लागला. "तिच्या भल्यासाठीच करतो हो," म्हणाला. वहिनीने डाव्या हाताने व्हाइस सैल केला आणि त्याच्यासमोर उभी राहिली. मी फोन केला आणि पोलीस येईपर्यंत तो जागचा हलला नाही.

मुलगी जमिनीवर रांगत होती. क्यूबचे तुकडे गोळा करत होती, बहुधा घरीही ते तीच करत असावी. ओठातून रक्त गळत होतं आणि ती वहिनीला सांगत होती, "मावशी, एक चुंबक सापडत नाहीये. मी शोधते, थांबा."

तेव्हा वहिनी रडली.

दवाखान्यात डॉक्टरांनी डबीतला तुकडा तिच्या मोडक्या दाताला लावून पाहिला. तो तंतोतंत बसला. मुलीची आई आधीच वारली होती, त्यामुळे तिला सख्ख्या मावशीकडे दिलं. बाप आत आहे. वहिनीची दोन बोटं आता वळत नाहीत, हिसका ती डाव्या हाताने देते.

गेल्या आठवड्यात ती मुलगी आली. क्यूब पुन्हा अडकत होता. वहिनीने तो हातात घेतला आणि नुसतीच धरून बसली. मीही मशीन बंद केलं. शेवटी तिने हिसका दिला, तर आतून बिस्किटाचा एवढा मोठा चुरा पडला.

"खाता खाता फिरवतेस?"

"हो," मुलगी तोंडभर हसली. दात नवा बसवला होता.

वहिनीने तिला चांगलं फैलावर घेतलं. मग तुकडे धुतले, क्यूब जोडला आणि मोडक्या बोटांनी स्वतः सोडवायला बसली. फार वेळ लागला. मुलगी शेजारी पाय हलवत बसली होती. घड्याळ कुणीच लावलं नाही.