आभाळ नसलेला सिनेमा

मोबाइल हातात घेतला की अण्णा आधी दोन बोटांनी चित्र ताणायचे. सिनेमा काचभर दिसला पाहिजे, कडेची काळी पट्टी त्यांना खपत नसे. मग म्हणायचे, "आता बघ."

बीदरला लागून असलेल्या कोळारच्या एका गोदामात ते वजनकाट्यावर होते. मी फाटकावर गाड्यांची नोंद करायचो. त्यांची केबिन पत्र्याची, खिडकी पावती देण्यापुरती. जवळच नौबादला घरी त्यांचे वडील लकव्यानं अंथरुणाला खिळलेले. दर दोन तासांनी अण्णा स्कूटरवर जाऊन त्यांची कूस बदलून यायचे. सहा वर्षांत ते बीदरबाहेर गेले नव्हते, सख्ख्या भाचीच्या लग्नालाही नाही.

सिनेमा एकच, खुनाचा, तोही तुकड्यातुकड्यांनी. खुनी कोण हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, का तर लक्ष चित्राकडं राहावं. एका जागी बोट ठेवून थांबवायचे. भिंतीवर दोन सावल्या, मध्ये पंख्याचं पातं फिरतं, मग एकच सावली. खून तेवढाच. त्या सावलीपायी पंधरा दिवस त्यांनी माझं डोकं खाल्लं.

"अख्ख्या सिनेमात आभाळ न्हाई," ते म्हणायचे. "कामून? त्या माणसाला सुटका न्हाई म्हणून. काय डोकं हाय डायरेक्टरचं."

मग कलबुर्गीला तो सिनेमा पुन्हा लागला. वडिलांजवळ दिवसभर शेजाऱ्याला बसवायचं ठरवून आम्ही दोन तिकिटं काढली. जायच्या दिवशीच सकाळी अण्णांच्या वडिलांना ताप भरला आणि मी एकटा गेलो.

थिएटरात आभाळ होतं. गल्लीवर, गच्चीवर, जवळजवळ प्रत्येक दृश्यात. चित्र ताणलं की वरचा भाग काचेबाहेर जायचा. अण्णांनी रोज आभाळच कापलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फाटकातच विचारलं, "आभाळ दिसलं का रे कुठं?" इतक्या वर्षांचा त्यांचा शोध माझ्याच्यानं मोडवेना. नाही म्हणालो. "बरं," म्हणाले आणि स्कूटरला किक मारली. आपण त्यांचं मन राखलं म्हणून मी दिवसभर खुशीत होतो.

दिवाळीआधी अण्णांचे वडील गेले. महिन्याभरानं मी म्हटलं, अण्णा, तो सिनेमा हैदराबादला लागलाय, आता तरी चला.

"कशाला? मोठ्या पडद्यावर तरी आभाळ सापडंल म्हणून जायचं होतं मला. तूच न्हाई म्हणलास."

तोंडाशी आलेलं खरं मी गिळलं. त्यांनी मोबाइल उचलला, दोन बोटं टेकवली आणि चित्र ताणलं.

अण्णांना जाऊन आता वर्ष होईल. चित्र ताणणारा तो हात मी तेव्हा धरायला हवा होता.